मध्ययुगातील दस्तरख्वान : मांडावा कसा, जेवावा कसा

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात आपण लढाया वाचतो, तह वाचतो, सुलतानांच्या आणि राजांच्या सनावळ्या पाठ करतो. परंतु ज्या माणसांच्या हातून हा इतिहास घडला ती माणसे सकाळी उठून काय खात होती, दारी पाहुणा आला तर त्याच्यापुढे काय ठेवीत होती, जेवणाआधी काय आणि जेवणानंतर काय, हे क्वचितच कोणी विचारतो. खरे पाहता माणसाची ओळख त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या दस्तरख्वानावर अधिक लवकर होते. म्हणून ह्या लेखात आपण एक मेजवानी मांडणार आहोत. ती कागदावरची आहे, पण मनात आणले तर आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात खरोखरही मांडता येईल.

हल्ली ‘शाही दावत’, ‘मुगलाई खाना’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. लग्नकार्यातही ह्या नावाने पंगती उठतात. तेथे ताटात काय असते? टोमॅटोच्या रश्श्यात शिजलेले मटण, बटाटा घातलेली बिर्याणी, लाल मिरचीचा तवंग, काजूची पेस्ट आणि शेवटी अननसाचे सरबत. हे सर्व चवीला उत्तम असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण ह्यातील मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू आणि अननस हे पाचही पदार्थ मध्ययुगातील हिंदुस्थानात कोणी पाहिलेले नव्हते. तेव्हा मेजवानी मांडण्यापूर्वी आपल्याला एक भरवशाचा साक्षीदार हवा. सुदैवाने तो मिळतो.

आपला साक्षीदार

त्याचे नाव इब्न बतूता. जन्म १३०४ साली, मोरोक्कोतील तांजिये शहरी. शिक्षणाने फकीह, पेशाने काझी आणि स्वभावाने मुसाफिर. १३३३ साली तो सिंधू नदी ओलांडून हिंदुस्थानात आला. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. त्याने ह्या परदेशी विद्वानाला दिल्लीचा काझी नेमले. पुढे १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनला जाण्यास तो निघाला आणि वाटेत दौलताबाद, नंदुरबार, खंबायत असे करीत पश्चिम किनाऱ्याने खाली उतरला. म्हणजे आपल्या मुलखातून तो प्रत्यक्ष गेलेला आहे. मायदेशी परतल्यावर त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला. ‘रिहला’ ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे.

इब्न बतूताने हे सारे बऱ्याच वर्षांनंतर आठवणीतून सांगितले आहे. त्यामुळे त्याच्या तारखांत घोळ आहेत आणि ऐकीव गोष्टीही पुष्कळ आहेत. पण जेवणाच्या बाबतीत त्याची स्मरणशक्ती मोठी चोख होती. कोणी काय वाढले, कोणत्या क्रमाने वाढले, कशात वाढले, हे तो अशा बारकाईने सांगतो की वाचणाऱ्याला आपणच पंगतीत बसल्यासारखे वाटावे.

आधी स्वयंपाकघर रिकामे करा

आता तयारीला लागू. पहिले काम विकत आणण्याचे नसून बाहेर काढण्याचे आहे. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. अमेरिका खंडातील पिके त्यांच्या जहाजांतून त्यानंतर आपल्याकडे आली. म्हणून १३४२ सालची मेजवानी करायची तर हिरवी मिरची, लाल मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, शेंगदाणा, पेरू, पपई आणि अननस ही सर्व मंडळी दाराबाहेर उभी राहतील. फ्लॉवर आणि कोबी ह्या युरोपीय भाज्याही नकोत. चहा तर फारच अलीकडचा. जेवणानंतर हुक्क्याचे चित्र काढण्याचा मोह चित्रकारांना होतो. पण तंबाखू अकबराच्या दरबारात पोहोचला तो १६०४ च्या सुमारास, आणि तोही विजापूरहून.

मिरची काढल्यावर आमच्या कोकणच्या सुगरणी विचारतील, “मग राहिले तरी काय?” राहिले ते काही थोडे नाही. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, मूग, हरभरा आहे. तूप आहे, तिळाचे तेल आहे, नारळ आहे. कांदा, लसूण, आले आहे. तिखटासाठी मिरे, आंबटासाठी लिंबू, चिंच, कैरी. गोडासाठी गूळ, साखर, खडीसाखर आणि मध. शिवाय वेलची, दालचिनी, लवंग, जिरे, धणे, केशर. ज्या काळ्या मिऱ्यासाठी सारा युरोप धडपडत होता ते आमच्याच किनाऱ्यावर वेलीला लागत होते. इब्न बतूताने ओल्या मिऱ्यांचे घोस मिठात मुरवलेले पाहिले आणि खाल्ले. कैऱ्यांचे आणि आल्याचे लोणचेही तो सांगतो. प्रत्येक घासामागे थोडे लोणचे तोंडात टाकण्याची ह्या देशाची रीत त्याच्या लगेच ध्यानात आली.

आणि खिचडी! मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, तूप घालून, लोक रोज सकाळी न्याहारीला खातात. तिला ‘किश्री’ म्हणतात, असे तो लिहितो. आमच्याकडे जशी हरीरा तशी ह्यांच्याकडे ही, अशी तुलनाही करतो. वाचकहो, सकाळची ही वाटी सुलतानाच्या सरदारापासून खेड्यातील कुणब्यापर्यंत पोहोचत होती. तिला धर्म नव्हता आणि जातही नव्हती.

दिल्लीची मोठी पंगत

मोठ्या मेजवानीचा क्रम कसा होता? मुलतानहून दिल्लीकडे येताना इब्न बतूताच्या काफिल्यात तिर्मिझ शहराचे एक काझी होते. त्यांच्या इतमामासाठी मुलतानहून वीस आचारी बरोबर घेतले होते. रात्रीच पुढच्या मुक्कामी जाऊन ते स्वयंपाक तयार ठेवीत. त्या पंगतीचा क्रम असा :

पाहुणे बसले की प्रथम सोन्याच्या, रुप्याच्या आणि काचेच्या पेल्यांतून खडीसाखरेचे सरबत येई. ते पिऊन झाले की हाजिब, म्हणजे पंगतीचा अधिकारी, ‘बिस्मिल्ला’ म्हणे आणि मगच हात घासाकडे जाई. पहिल्यांदा पातळ रोट्या. मग भाजलेल्या मांसाचे मोठाले तुकडे. एका मेंढ्याचे चार किंवा सहाच भाग करीत आणि एकेक भाग एकेकापुढे ठेवीत. मग तुपातल्या लहान गोल पोळ्या, त्यांच्या पोटात बदाम, मध आणि तिळाच्या तेलाचे गोड सारण आणि वर ‘खिश्ती’ नावाची वडी. खिश्त म्हणजे वीट. पीठ, साखर आणि तुपाची विटेच्या आकाराची ती वडी असे. त्यानंतर तूप, कांदा आणि ओले आले घालून शिजवलेले मांस, चिनी मातीच्या मोठ्या वाडग्यांत. मग ‘समूसक’.

हा समूसक म्हणजे आमचा समोसाच. बारीक कुटलेले मांस, त्यात बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला. ते पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले. माणशी चार-पाच. पुढे तुपातला भात आणि त्यावर कोंबडी. शेवटी दोन प्रकारची मिठाई. त्यांतील एकीचे अरबी नाव ‘काझींचे घास’ असे गमतीचे आहे. जेवण आटोपले की जवाचे पेय आणि त्यावर पान-सुपारी. विडा हातात पडला की पुन्हा ‘बिस्मिल्ला’ होई आणि सर्व उठत.

विड्याचे महत्त्व इब्न बतूताला फार वाटले. पंधरा पाने रेशमाच्या लाल दोऱ्याने बांधून पाहुण्याला देत. नुसती पाच पाने दिली तरी पाहुण्याला जग मिळाल्यासारखे वाटते, सोन्यारुप्याहून ह्या लोकांना ह्याचा मान अधिक, असे तो सांगतो. आजही आपल्या घरी विडा हातात देणे म्हणजे पाहुण्याचा मान करणे असते, आणि लग्नात सुपारी फुटते. दोन धर्मांच्या घरांत ही चाल एकसारखी का, ह्याचे उत्तर अशा जुन्या पंगतींत आहे.

राजवाड्यात सार्वजनिक जेवण दिवसातून दोनदा होई : एक दुपारच्या आधी, दुसरे असरच्या नमाजानंतर. बसण्याच्या जागा ठरलेल्या असत. पंगतीच्या शिरोभागी काझी, खतीब, फकीह, सय्यद आणि शेख बसत, त्यानंतर सुलतानाचे नातलग आणि मोठे अमीर, त्यानंतर इतर. म्हणजे इल्म असलेल्या माणसाची जागा तलवार असलेल्या माणसाच्या वर होती. निदान दस्तरख्वानावर तरी होती.

दुसरी बाजू

परंतु ह्या झगमगाटाने आपण दिपून जाता कामा नये. ह्याच काळात दिल्लीच्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला. गव्हाचा भाव गगनाला भिडला. सुलतानाने हुकूम दिला की दिल्लीच्या प्रत्येक माणसाला, तो लहान असो वा मोठा, स्वतंत्र असो वा गुलाम, सरकारी कोठारातून सहा महिन्यांची बेगमी द्यावी. हाच सुलतान क्षुल्लक कारणावरून माणसांची मुंडकी उडवीत असे, तेही इब्न बतूता लपवीत नाही. आणि वरच्या पंगतीत जे वाढप होई ते अनेकदा विकत घेतलेल्या दासदासींच्या हातून होई. जुन्या काळातील सर्वच गोष्टी उचलण्याजोग्या नसतात. मेजवानी मांडताना आपण पदार्थ घ्यावेत, क्रम घ्यावा, अदब घ्यावी. हे बाकीचे तेथेच ठेवावे आणि मुलांना ते होते हे मात्र सांगावे.

त्या दुष्काळात इब्न बतूतावर सुलतान कुत्बुद्दीनच्या मकबऱ्याचा कारभार होता. तेथे येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण घालण्यासाठी रोज बारा मण पीठ आणि तितकेच मांस मंजूर होते. त्याला ते अपुरे वाटले. उत्पन्न पुरेसे आहे असे पाहून त्याने रोज ३५ मण पीठ आणि ३५ मण मांस शिजवण्यास सुरुवात केली. शिवाय साखर, तूप आणि विडा. त्या काळचा मण इंग्रजी अमदानीतील चाळीस शेरी मणापेक्षा बराच लहान होता, तरीही हा आकडा मोठाच म्हणावा लागेल. पगारी माणसेच नव्हे तर वाटसरू आणि भुकेलेही तेथे जेवले, आणि त्या अन्नछत्राची वार्ता दूरवर गेली. सोन्याच्या पेल्यातील सरबताच्या शेजारी मुलांना हा हिशेबही सांगितला पाहिजे. त्याशिवाय मध्ययुगाची मेजवानी पुरी होत नाही.

करमणुकीसाठी काय?

दावत म्हटली की करमणूक आलीच. येथेही आधी काही काढावे लागेल. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात युरोपातून आला. आजच्या रूपातील सतार आणि तबला अठराव्या शतकातील. ही वाद्ये अमीर खुसरोने शोधली ही कथा गोड आहे, पण तिला पुरावा नाही. १३२५ साली वारलेल्या खुसरोच्या नावावर पुढच्या काळाने पुष्कळ काही जमा केले आहे. मग उरते काय? डफ, बासरी, रबाब, वीणा आणि मृदंग. सामानही सोपे आणि भाड्यात स्वस्त!

करमणुकीचे खरे ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात होते. दौलताबादेत इब्न बतूताने गाणाऱ्यांचा एक बाजार पाहिला. त्याचे नाव ‘तरबाबाद’, म्हणजे आनंदाची वस्ती. एवढा मोठा आणि देखणा बाजार क्वचितच असेल, असे तो म्हणतो. दुकानांत गालिचे अंथरलेले, मध्ये सजवलेला झोपाळा. बाजाराच्या मध्यभागी एक घुमट होता. दर गुरुवारी असरच्या नमाजानंतर तेथे गायक-वादकांचा प्रमुख येऊन बसे. एकामागून एक ताफा त्याच्यापुढे गाई आणि नाचे, तो मगरीबपर्यंत. मग प्रमुख उठून जाई. ह्याच बाजारात मशिदी होत्या आणि रमजानात तेथे तरावीहची नमाज होई. हिंदू राजेही ह्या बाजारातून जाताना त्या घुमटात उतरून गाणे ऐकत आणि काही मुसलमान सुलतानांनीही तसेच केले.

ही नगरी म्हणजे यादवांची देवगिरी. शंभराहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी ह्याच ठिकाणी, सिंघण यादवाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला होता. राज्य बदलले, नाव बदलले, पण ह्या गावातील गाणे थांबले नाही, एवढे तरी ह्यावरून म्हणता येते.

दुसरी करमणूक शतरंजची. मुलांना हा डाव जुन्या नियमाने खेळायला लावा. आज वजीर साऱ्या पटावर धावतो. त्या काळचा वजीर एका वेळी एकच घर, तेही तिरपे, सरकत असे. एवढ्या एका बदलाने सगळा डाव संथ होतो आणि मुलांना एका खेळातूनच कळते की काळ वेगळा होता.

नंदुरबारची शिदोरी

आपल्या पाहुण्यांत मांसाहार न करणारेही असतील. त्यांच्यासाठी वेगळी ‘सोय’ करावी लागत नाही, इतिहासानेच ती केली आहे. नंदुरबारास इब्न बतूताला मराठे लोक भेटले. कारागिरीत निष्णात, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे, अशी त्याने त्यांची वाखाणणी केली आहे. त्यांचे अन्न म्हणजे भात, हिरव्या भाज्या आणि तिळाचे तेल. प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही, आणि जेवणापूर्वी ते कसोशीने अंग धुतात, हेही तो नोंदवतो. दौलताबादची द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे सांगायलाही तो विसरत नाही. तेव्हा एका बाजूस तीळतेलातली पालेभाजी आणि भात, आणि जेवणानंतर सर्वांना द्राक्षे-डाळिंब, ही व्यवस्था चौदाव्या शतकाला धरूनच आहे.

होनावरचे चार चौरंग

आता मी आपणांस त्या मेजवानीकडे नेतो, जी मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात सोन्याचे पेले नाहीत, वीस आचारी नाहीत आणि माणसे फक्त चार आहेत.

गोव्याच्या खाली, शरावती नदीच्या मुखाशी होनावर हे बंदर आहे. आज ते कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात येते. इब्न बतूता तेथे गेला तेव्हा जमालुद्दीन मुहम्मद बिन हसन हा तेथील सुलतान होता. हर्यब नावाच्या हिंदू राजाचा तो मांडलिक होता. हा राजा म्हणजे विजयनगरचा हरिहर असावा असे इतिहासकार मानतात. गावातील लोक शाफई, जसे आपले कोकणी मुसलमान आजही आहेत. समुद्रावरच्या व्यापारावर पोट भरणारे.

पुढे कालिकतच्या बंदरात वादळ झाले. सुलतानाच्या भेटी घेऊन चीनला निघालेली जहाजे फुटली. इब्न बतूताजवळ उरले दहा दीनार आणि अंगाखालचा गालिचा. दिल्लीला परत जावे तर सुलतानाच्या रागाची भीती. अशा स्थितीत तो पुन्हा होनावरला आला आणि जमालुद्दीनने त्याला ठेवून घेतले.

हा सुलतान दर चांद्र महिन्याच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी रोजे ठेवी. इफ्तारला तो इब्न बतूताला आणि अली व इस्माईल ह्या दोन फकीहांना बोलावी. जमिनीवर चार लहान चौरंग मांडले जात. एकावर सुलतान, तिघांवर हे तिघे. मग प्रत्येकाच्या पुढ्यात तांब्याचे एक मेज येई आणि त्यावर तांब्याचे मोठे ताट. त्या ताटाचे नाव त्याने ‘तालम’ असे दिले आहे. हा शब्द वाचताच मराठी माणसाला आपला थाळा आठवल्यावाचून राहणार नाही.

रेशमी वस्त्र नेसलेली एक दासी तांब्याचा मोठा डाव घेऊन वाढायला येई. एक डाव भात, त्यावर तूप, बाजूला लोणची : मिऱ्यांचे घोस, ओले आले, लिंबू, आंबा. एक घास भाताचा, त्यामागे लोणच्याचा तुकडा. तो भात संपला की दुसरा डाव आणि वाटीत शिजवलेली कोंबडी. तो संपला की तिसरा डाव आणि दुसऱ्या तऱ्हेची कोंबडी. मग तऱ्हेतऱ्हेचे मासे, प्रत्येकाबरोबर पुन्हा भात. मग तुपात शिजवलेल्या भाज्या आणि दुधाचे पदार्थ. सर्वांच्या शेवटी दही. दही आले की समजावे, आता आणखी काही येणार नाही. आणि पाणी? गरम. पावसाळ्यात गार पाणी बाधते म्हणून.

वाचकहो, ही पंगत रत्नागिरीतील की रायगडातील असे कोणी विचारले तर काय उत्तर द्याल? भात, मासळी, लोणचे आणि अखेरचा दहीभात, हा क्रम आजही आपल्या घरांत आहे. इब्न बतूता गव्हाच्या मुलखातला माणूस. एके खेपेस ह्या सुलतानाकडे अकरा महिने राहिलो आणि त्या काळात रोटी दिसली नाही, असे तो सांगतो.

त्या चार चौरंगांवर बसून इब्न बतूताने त्या गावाबद्दल आणखी एक नोंद केली. येथे मुलांच्या तेवीस शाळा आहेत आणि मुलींच्या तेरा. गावातील स्त्रियांना कुराण तोंडपाठ आहे. असे दुसऱ्या कोठे मी पाहिले नाही. मोरोक्कोपासून मक्केपर्यंत आणि बुखाऱ्यापासून दिल्लीपर्यंत जग पाहिलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. ज्या राजाच्या इफ्तारला चार माणसे आणि एक तांब्याचा डाव पुरत होता, त्याच्या गावात छत्तीस शाळा चालत होत्या. ह्या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही; तसा पुरावा नाही. हा सुलतान काही साधुसंत नव्हता. त्याने गोव्यावर, त्या वेळच्या संदापूरवर, आरमार घेऊन चढाई केली आणि इब्न बतूताही त्या मोहिमेत होता. तरीपण ह्या दोन गोष्टी एका ग्रंथात जवळजवळ लिहिलेल्या आहेत, आणि त्या जवळजवळ वाचाव्यात असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष मांडणी

स्नेहसंमेलनासाठी मी होनावरचीच पंगत सुचवीन. चार-चार मुलांचे गट करावेत. चार पाट, मध्ये एक स्वच्छ कापड. पंक्तीत वरच्या जागा त्या दिवशी विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि शिक्षक-विश्वस्तांनी वाढपी व्हावे. वाढण्यासाठी दासी होत्या ह्या चुकीची दुरुस्ती अशी करता येते. हात धुवावेत, सरबत द्यावे, बिस्मिल्ला म्हणावे किंवा ज्याने-त्याने आपापली प्रार्थना म्हणावी. ताटात सर्व एकदम न वाढता एकेक डाव वाढावा. ह्या रीतीत मोठे शहाणपण आहे : संपल्यावरच पुढचे येते, म्हणून टाकले जात नाही.

लोणचे फक्त मिठात मुरवलेले असावे, आठ दिवस आधी घालावे. कोंबडी मिरे, आले, कांदा आणि तुपात करावी; हवे तर नारळाच्या दुधात. मासळीला चिंच, हळद आणि मिरे पुरे.

मापे हवी असतील तर ती इब्न बतूता देत नाही, पण अडीचशे वर्षांनंतरचा अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त देतो. त्याची खिचडी अशी : तांदूळ पाच शेर, मुगाची डाळ पाच शेर, तूप पाच शेर आणि मीठ एक-तृतीयांश शेर. अकबरी शेर आजच्या मापाने सुमारे ६३० ग्रॅमचा. होय, तूप तांदळाइतकेच! पाहुण्यांच्या प्रकृतीचा विचार करून आपण ते चौथाईवर आणावे. तेवढी कसूर इतिहास माफ करील. त्याच्या संबूसात दहा शेर मांसाला चार शेर पीठ, दोन शेर तूप, एक शेर कांदा, पाव शेर आले आणि मिरे-धणे केवळ दोन दाम, म्हणजे जेमतेम चाळीस ग्रॅम. सहा किलोंच्या वर मांस आणि मसाला मूठभर! त्या काळच्या खाण्यात जिभेला चटका कमी होता हे ह्यावरून ध्यानात येईल. हाच संबूसा त्याच्याही शंभर वर्षे आधी माळव्यातील मांडूच्या सुलतानांसाठी तयार झालेल्या ‘नेमतनामा’ ह्या सचित्र पाकग्रंथात भेटतो. चित्रांत सुलतान बसलेला आहे आणि त्याच्यासमोर स्वयंपाक चालला आहे. मुलांना ते चित्र अवश्य दाखवावे.

अबुल फजलने आणखी एक रीत नोंदवली आहे. अकबरापुढे जेवण आले की प्रथम दरवेशांचा वाटा बाजूला काढला जाई आणि मग बादशहा घास घेई. आपल्या मेजवानीतही पहिला डाव वाढण्यापूर्वी एक मोठे पातेले भरून बाजूला ठेवावे आणि ते गावातील गरजूंकडे त्याच वेळी रवाना करावे. उरलेले देणे वेगळे आणि आधी काढून देणे वेगळे.

जेवण होत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून प्रत्येक पदार्थ कोठून आला हे सांगावे. शेवटी दही, मग कोमट पाणी, मग विडा. आणि विडा देताना, होनावरच्या त्या तेरा शाळांच्या आठवणीने, पहिला विडा शाळेतील मुलींच्या हातात द्यावा.

वाचकहो, अशा मेजवानीला खर्च थोडा येतो. आपल्या एखाद्या लग्नातील एका वेळच्या नासाडीत ती सहज उरकेल. आणि तिथून उठलेले मूल घरी जाऊन आईला सांगेल की, आम्ही आज जे जेवलो ते पावणेसातशे वर्षांपूर्वी एका परदेशी पाहुण्याला, त्याच्याजवळ दहाच दीनार उरले होते तेव्हा, आपल्याच किनाऱ्यावर कोणीतरी वाढले होते. पुस्तकातली सनावळी ते मूल कदाचित विसरेल. हे विसरणार नाही.